निधान

मंगळवारी अर्धा दिवस माग बंद ठेवतो.
मालक कुरकुरतो, कुरकुरू दे.
वडगावातून बस, पुढे दोन जिने,
खांद्यावर निंग्या, पिशवीत त्याचा टॉवेल
आणि मॅडमनी सांगितलेले चिरमुरे, पावशेर.

फाइलवर त्याचं नाव कन्नडात आहे.
मला वाचता येतं, बायकोला येत नाही,
ती फक्त आकड्यांवर बोट ठेवते:
वय एकोणीस महिने, धरायचे सतरा.
सातव्यात आला ना.
ते दोन महिने काचेच्या पेटीत राहिले,
बिलात आहेत, वयात नाहीत.

उळ्ळागड्डी मॅडम खाली सतरंजीवर बसतात.
उळ्ळागड्डी म्हणजे कांदा. पहिल्या दिवशी त्याच म्हणाल्या,
"रडलात तर माझ्या नावावर घाला."
बायको हसली. नंतर रडलीच.

माझ्या कानात चोवीस तास माग चालतो,
खट्याक खट्, खट्याक खट्.
त्या खोलीत मात्र
पोराचा श्वास ऐकू येतो मला.
टॉवेलची गुंडाळी छातीखाली, पोट जमिनीला,
मान उचलतो, डुगडुगतो, ठेवतो.
"निधान," मॅडम म्हणतात, "निधान, निधान."

कन्नडात निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात निधान म्हणजे ठेवा.
मी दोन्ही ऐकतो. तिसरं काय ऐकू?

त्याची उजवी मूठ जन्मापासून मिटलेली,
अंगठा आत, वर चार बोटं पहाऱ्याला.
घरी मी एकदा अंगठा धरून ओढला
तर किंचाळला, आणि मूठ दगड झाली.
मॅडमनी माझं मनगट धरलं:
"अंगठ्याकडनं नको. करंगळीकडनं.
कडेनं चोळत या, ती आपण उघडते."
ओढून सोडवायला गेलं की मूठ जास्त आवळते,
हे खरं तर बेळगावच्या माणसाला
कुणी शिकवायला नको.

शेजारचा परशराम विचारतो,
"खेळवायचंच नव्हं तिथं? मग पैसे कशाला देऊलास?"
काय सांगू त्याला.
तुटलेला धागा सांधायला मला वर्ष लागलं,
काकानं बोटांवर कांडी मारली,
तेव्हा त्याला कुणी खेळ म्हटलं नाही.
आता माझा पोरगा
दोन बोटांत एक चिरमुरा धरायला शिकतोय,
आणि मी मागावर उभा राहून
माझ्याच बोटांकडे बघत बसतो.
गाठ मारतात, टोक कातरतात, मला विचारतसुद्धा नाहीत.
कधी शिकली असतील चिमूट?
आईला विचारायचं राहून गेलं.

चिरमुरे ताटात.
निंग्या पंज्यानं सारवतो, सगळे भुईवर.
पुन्हा ताटात. पुन्हा भुईवर.
"हिडी," मॅडम म्हणतात, धर.
"बिडू," म्हणतात, सोड.
सोडणं धरण्याच्या नंतर येतं म्हणे,
आणि जास्त अवघड असतं.
चार महिने झाले. मुंग्या खूश आहेत.

परवा पाळीवरून आलो, अंग धुतलं नव्हतं,
शर्टाला नेहमीसारखे तंतू चिकटलेले.
निंग्या मांडीवर. ताट नाही, चिरमुरे नाहीत,
कुणी हिडी म्हटलं नाही.
त्याची नजर खिशापाशी थांबली.
एक जांभळा धागा. रेशमाचा, नखाएवढा.
हात आला, चुकला. आला.
अंगठा बाहेर निघाला,
आणि पहिल्या बोटाला जाऊन भेटला.

मी श्वास घेतला नाही.
बायकोला हाकसुद्धा मारली नाही,
आवाजानं मोडेल असं वाटलं.

धागा घेऊनच झोपला.
रात्री मी हळूच बघितलं, करंगळीकडनं,
काही केल्या सोडेना.
असू दे.
बिडू मंगळवारी.